आईपेक्षा धाकटा खडक

माझी आई 1957 सालची. बालीतल्या बातूर ज्वालामुखीच्या उतारावर मी ज्या काळ्या खडकावर हात टेकला, तो 1963 सालचा. आईने पहिलीत पाटी हातात धरली, त्या सुमाराला हा खडक लाल होता, पातळ होता आणि डोंगरावरून वाहत खाली येत होता! वाटाड्याने हे सांगितलं आणि मला तिथून हात उचलवेना. लहानपणापासून मी सह्याद्रीत भटकते आहे. कातळ, कडे, नाळा, घसारा सगळं अंगवळणी पडलेलं. पण आमच्याकडचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. काळ्या दगडावरची रेघ म्हणताना आपण ज्याच्या भरवशावर बोलतो, तो दगड. तोही कधीतरी जन्मला असणार, कोवळा असणार, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण कोवळा खडक बोटांना कसा लागतो हे मला बातूरवर कळलं. घरी आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे, तेव्हा तुम्हीही ऐका.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणा. बाली म्हटलं की आपल्याकडे समुद्रकिनारे आणि झोक्यावरचे फोटो आठवतात. ते सगळं दक्षिणेला. उबुदहून गाडी उत्तरेला लागली की रस्ता हळूहळू चढत जातो. भातखाचरं मागे पडतात, संत्र्याच्या आणि कॉफीच्या बागा सुरू होतात, हवा गार होते, आणि किंतामणीजवळ पेनेलोकान नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला जमीन अचानक संपते. खाली प्रचंड खोलगट मैदान. एक परात घ्या, तिच्यात मधोमध एक वाटी पालथी घाला आणि एका बाजूला थोडं पाणी ओता, तसं ते दृश्य आहे. परातीचा काठ म्हणजे आपण उभे आहोत तो कडा, पालथी वाटी म्हणजे बातूर पर्वत आणि पाणी म्हणजे बातूर सरोवर. ही परात सुमारे 14 किलोमीटर लांब आणि 10 किलोमीटर रुंद आहे!

ती कशी झाली ते ऐकून तर मी तिथल्या कठड्यावरच बसले. इथे आधी एक फार मोठा ज्वालामुखी होता. सुमारे 29 हजार वर्षांपूर्वी त्याचा महास्फोट झाला, पोटातला शिलारस बाहेर पडला आणि आधार गेलेला डोंगर स्वतःतच खचला. अशा खचलेल्या महाकुंडाला काल्डेरा म्हणतात. मग सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी दुसरा मोठा स्फोट झाला आणि पहिल्या काल्डेऱ्याच्या आत साडेसात किलोमीटर व्यासाचा दुसरा काल्डेरा खचला. त्या दुसऱ्यात आजचा बातूर उभा राहिला, आणि त्याच्या पायाशी पाणी साठून बालीतलं सगळ्यात मोठं सरोवर झालं. लोणार पाहिलेल्या मराठी माणसाला गोल खळग्यातलं सरोवर नवं नाही, पण लोणारचा खळगा आकाशातून आलेल्या अशनीने केला. हा जमिनीने आपला आपण केला.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा कॉलेजात जाणारा भाचा. तो सगळ्या डोंगरांची उंची पाठ असणाऱ्यांतला. पेनेलोकानच्या कड्यावरून बातूरकडे बघत तो म्हणाला, "मावशी, हा 1,717 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम 71 मीटर उंच!" सरोवराचं पाणीच समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई सातशे मीटरच्या आतली. महाराष्ट्रात दर रविवारी पाठीवर सॅक टाकणाऱ्या कुणालाही जमेल अशी. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

चढाई पहाटे चारच्या सुमाराला सुरू होते. स्थानिक वाटाडे बरोबर घ्यावेच लागतात. सरोवरकाठच्या पुरा जाती या देवळापासून आम्ही निघालो. आमचा वाटाड्या पंचविशीतला मुलगा, सरोवराकाठच्याच गावचा. त्याने खिशातून नारळाच्या पातीची विणलेली छोटी परडी काढली, तिच्यात फुलं, भाताचे चार दाणे. देवळाच्या पायरीवर ती ठेवून उदबत्ती लावली, हात जोडले, आणि मग टॉर्च चालू केला. आपल्याकडे गडावर जाताना पायथ्याच्या मारुतीला नमस्कार करतातच की. मीही केला.

पहिला अर्धा तास शेतांतून. टॉर्चच्या उजेडात टोमॅटोच्या आधाराला लावलेल्या काठ्या, कांद्याचे वाफे, मिरची. पायाखाली माती काळी, भरभरीत, राखेसारखी. मग पाइनची झाडी, आणि झाडी संपली की खरी चढण. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय असलेल्या पायांनाही हा घसारा वेगळा वाटला. आमच्याकडचा मुरूम गोटीदार, झिजलेला. इथला प्रत्येक खडा टोकदार, हलका, आणि पाय टाकला की खळखळ वाजणारा. दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. मागे वळून पाहिलं तर उतारावर टॉर्चच्या दिव्यांची लांबच लांब रांग, आणि वर पूर्वेला मृग नक्षत्र बरंच वर आलेलं. भाचा पुढे पळत होता. मी दर दहा मिनिटांनी थांबून एक खडा उचलत होते.

त्या खड्यांनी मला वेड लावलं. प्रत्येकात बारीक बारीक भोकं. लाव्हा वर येताना त्यात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो, लाव्हा थिजतो आणि बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहतात. आता आपल्या सह्याद्रीतला दगड आठवा. पुणे, नाशिक, सिन्नर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही रस्त्याच्या कापात किंवा विहिरीच्या खणतीत काळ्या दगडात पांढरे, हिरवट, गुलाबी ठिपके दिसतात. कधी फोडल्यावर आत चकाकणारी गारगोटी सापडते. तेही बुडबुडेच! कोट्यवधी वर्षं दगडातून पाणी झिरपलं, त्याने खनिजं आणली आणि एकेक पोकळी झिओलाइटने, स्फटिकांनी भरली. लहानपणी मी ज्या गारगोट्या चड्डीच्या खिशात भरून आणायचे, त्या भरलेल्या खोल्या होत्या. बातूरवर माझ्या तळहातात होत्या त्या रिकाम्या खोल्या, अजून कुणी राहायलाच न आलेल्या. अंधारात, धापा टाकत, मी भाच्याला हाक मारून हे सांगितलं. तो खरंच चार पावलं मागे आला आणि त्याने तो खडा हातात घेऊन टॉर्चखाली धरला.

माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्व उजळू लागली होती. खाली सरोवर, त्याच्या पलीकडे काल्डेऱ्याच्या काठावरचा अबांग पर्वत, 2,152 मीटर. अबांगच्या मागे आगुंग, तीन हजार मीटरहून उंच, बालीतला सर्वोच्च. आणि त्याहूनही दूर, समुद्राच्या पलीकडे लोंबोक बेटावरचा रिंजानी, 3,726 मीटर. एका रांगेत उभे ज्वालामुखी, एकामागे एक, आणि सूर्य साडेसहाच्या सुमाराला त्यांच्या डावीकडून वर आला. धुकं सरोवरावरून कड्यांच्या काठापर्यंत भरलेलं, आणि त्यातून फक्त माथे बाहेर. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

हे डोंगर असे रांगेत का, हे मला तिथे उभं राहून समजून घ्यायचं होतं, आणि त्याचं उत्तर इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बालीच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने उत्तरेला सरकतो आणि बेटांच्या खाली घुसतो. हा पट्टा समुद्रतळाचा, म्हणून त्याच्या खनिजांत पाणी अडकलेलं. शंभर किलोमीटरच्या आसपास खोल गेल्यावर दाब आणि उष्णता इतकी वाढते की ते पाणी सुटतं आणि वरच्या खडकात शिरतं. ओला खडक कोरड्या खडकापेक्षा कमी तापमानाला वितळतो. तो वितळतो, हलका होतो, वर येतो, आणि घुसणाऱ्या पट्ट्याला समांतर अशी ज्वालामुखींची रांग उभी राहते. म्हणजे या आगीच्या मुळाशी समुद्राचं पाणी आहे! समोर सरोवर, पायाखाली आग, आणि आगीच्याही खाली पुन्हा पाणी. मी हे भाच्याला दोनदा सांगितलं.

सह्याद्रीचा खडक मात्र वेगळ्या घरचा. तिथे असे शंकू नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आणि पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, सपाट माथ्यांचे. भारत उत्तरेला सरकत असताना ज्या तप्त स्थानावरून गेला तिथून हा लाव्हा आला, आणि ते स्थान आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी अजूनही उफाळतो. म्हणजे रायगड-राजगड ज्या भट्टीतून निघाले, ती विझलेली नाही, फक्त आपण तिच्यापासून दूर आलो आहोत.

माथ्यावरच्या विवराच्या कडेला खडकांच्या फटींतून वाफ येत होती. आमच्या वाटाड्याने सॅकमधून अंडी आणि केळी काढली आणि एका फटीत ठेवली. ती शिजेपर्यंत त्याने मला सांगितलं, "इबू (बाई), इथे हात ठेवा, तिथे नको." मी सांगितल्या जागी हात ठेवला. खडक गरम होता, आणि ती ऊब उन्हाची नव्हती, कारण त्या जागी ऊन अजून पडलंच नव्हतं. पावसाचं पाणी फटींतून आत मुरतं, खालच्या उष्णतेला भिडतं आणि वाफ होऊन परत येतं. आयुष्यभर मी ज्या डोंगरांवर झोपले आहे ते पहाटे गारठतात. हा डोंगर पहाटे उबदार होता! अंडं मऊ, किंचित धुरकट वासाचं. ते खाताना आजूबाजूला माकडं अगदी आमच्या हरिश्चंद्रगडावरच्या आत्मविश्वासाने येऊन बसली. केळी त्यांनीच खाल्ली.

आता उतरण्याबद्दल. बहुतेक सगळे सूर्योदय बघून आल्या वाटेने परततात. आम्ही विवराच्या काठाकाठाने फिरून पश्चिमेच्या बाजूला उतरलो, आणि माझ्या मते बातूरची खरी संपत्ती तिकडे आहे. काठ काही ठिकाणी इतका अरुंद की डावीकडे विवर आणि उजवीकडे उतार, मधे पाऊलभर वाट. एका ठिकाणी नाही, तर ओळीने विवरं आहेत, वेगवेगळ्या वर्षी फुटलेली. बातूरच्या उद्रेकांची नोंद 1804 पासूनची आहे आणि शेवटचा उद्रेक 2000 साली झाला. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला 1963, 1968, 1974 या वर्षांचे लाव्ह्याचे प्रवाह आहेत. वरून ते स्पष्ट वेगळे दिसतात, रंगांवरून आणि हिरवाईवरून.

तिथे मी पहिल्यांदा खडकाचं वाढणं पाहिलं. ताज्या प्रवाहावर काहीच नाही, फक्त काळे, करवतीसारखे धारदार ढेकूळ. त्याहून जुन्या प्रवाहावर राखाडी-पांढरी दगडफुलं चिकटलेली. त्यांच्या आडोशाला, फटींमध्ये नेचे. आणखी जुन्यावर गवत, झुडपं. त्याहून जुन्यावर माती आणि झाडी. म्हणजे एका नजरेत दगडाची माती होताना दिसते! आणि अचानक मला आमच्या घाटातले तांबडे पट्टे आठवले. वरंध, माळशेज, कुठल्याही घाटाच्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाचा एक पट्टा असतो. गाडीतून तो शेकडो वेळा पाहिलेला. लाव्ह्याचा एक थर थिजला, त्यावर ऊनपाऊस पडला, तो कुजून त्याची माती झाली, आणि मग दुसरा लाव्हा येऊन त्याने ती भाजून झाकून टाकली. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधल्या उसंतीचा काळ. बातूरच्या उतारावर ती उसंत आज चालू आहे, आणि तिच्यात नेचे उगवले आहेत. पुढचा लाव्हा आला की हा उतारही झाकला जाईल. त्या नेच्यांसमोर मी गुडघ्यांवर बसले आणि खूप फोटो काढले.

1963 चा खडक तिथेच भेटला. त्याच वर्षी शेजारचा आगुंगही फुटला होता आणि त्यात हजाराहून जास्त माणसं गेली. म्हणजे हा सगळा मुलूख त्या वर्षी एकदम जागा झाला होता. आमच्या वाटाड्याच्या आजीला ते आठवतं. ती तेव्हा तरुण होती आणि रात्री डोंगर लाल दिसायचा, एवढंच ती सांगते, असं तो म्हणाला.

या काळ्या लाव्ह्यावर हल्ली पहाटे जीपगाड्या रांगेने येतात. उभं राहून फोटो काढता येतात, चढावं लागत नाही. ज्यांना चालवत नाही त्यांनी जरूर यावं. पण ज्यांना चालवतं त्यांनी पायीच या, कारण हे सगळं पायांना कळण्यासारखं आहे. आणि काल्डेऱ्याच्या पोटात वाळू उपसून नेणारे ट्रक पाहून मात्र मला फार वाईट वाटलं. त्यांच्यातून जाणारी वाळू म्हणजे हाच लाव्हा. ती संपल्यावर दुसरी आणता येणार नाही, निदान माणसाच्या वेळापत्रकात नाही.

दुपारी आम्ही काल्डेऱ्याच्या काठावरच्या बातूर गावात गेलो, पुरा उलुन दानु बातूर या देवळात. काळ्या काथ्यासारख्या तंतूंनी शाकारलेलं अकरा मजली मेरू, म्हणजे एकावर एक छपरांचं देऊळ, तिथे आहे, दानु देवीचं, सरोवराच्या देवीचं. हे गाव आणि देऊळ पूर्वी खाली, डोंगराच्या पायथ्याशी होतं. 1917 च्या उद्रेकात लाव्हा देवळाच्या दारापाशी येऊन थांबला असं सांगतात, म्हणून लोक तिथेच राहिले. 1926 च्या ऑगस्टमध्ये मात्र लाव्ह्याने गाव आणि देऊळ दोन्ही गिळलं. गावकऱ्यांनी देवीला उचललं, वर काठावर आणलं आणि सगळं पुन्हा बांधलं. देवळाच्या अंगणात उभं राहिलं की ज्याने गाव बुडवलं तो डोंगर अगदी समोर दिसतो. त्याच्यावर राग कुणाचाच नाही. नारळ, भात, फुलं घेऊन माणसं येतच असतात. दरवर्षी बालीच्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यातल्या पौर्णिमेला इथे मोठा उत्सव असतो आणि दूरदूरच्या भातखाचरांतले शेतकरी आपल्या पिकातला वाटा घेऊन येतात.

सरोवराच्या देवीकडे भातशेतीवाल्यांनी का यावं? या प्रश्नाचं उत्तर मिळालं तेव्हा माझं डोंगराचं वेड अचानक पाण्याच्या वेडाला जाऊन मिळालं. बातूर सरोवरातून बाहेर पडणारी एकही नदी नाही. पाणी जमिनीत मुरतं. खालच्या उतारांवर जिथे झरे फुटतात तिथे बालीच्या लोकांची देवळं आहेत, आणि तिथलं पाणी देवीच्या सरोवरातून आलं अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या पाण्यावर भातखाचरं. एका पाण्यावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक संस्था, तिचं नाव सुबाक. अशा सुमारे 1,200 संस्था बालीत आहेत, आणि ही पद्धत हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे. 2012 साली युनेस्कोने सुबाकचा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला, त्यात हे देऊळ आणि हे सरोवर दोन्ही आहेत. त्याच वर्षी बातूरला जागतिक भूउद्यानाचा मानही मिळाला, इंडोनेशियातला पहिला.

पण मला भारून टाकलं ते 1970 च्या दशकातल्या गोष्टीने. त्या काळात सरकारने शेतकऱ्यांना नवीन, जास्त उत्पन्नाच्या भाताच्या जाती दिल्या आणि सांगितलं, जितक्या वेळा पीक घेता येईल तितक्या वेळा घ्या, देवळाने ठरवून दिलेल्या पेरणीच्या तारखांची वाट बघू नका. थोड्याच वर्षांत तुडतुड्यांनी खाचरंच्या खाचरं फस्त केली आणि पाण्यावरून ओढाताण सुरू झाली. स्टीफन लान्सिंग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने याच्या मागे लागून अभ्यास केला. देवळं कधी पाणी सोडायचं, कधी पेरायचं हे ठरवत होती, त्यात काय अर्थ होता? एका खोऱ्यातल्या सगळ्यांनी एकदम पेरलं तर सगळ्यांची शेतं एकदम मोकळी पडतात, किडीला खायला काही उरत नाही, ती उपाशी मरते. पण सगळ्यांनी एकदम पेरलं तर सगळ्यांना पाणीही एकदमच लागतं, आणि तेवढं पाणी नदीत नसतं. म्हणून किती गावांनी एकत्र पेरायचं आणि किती गावांनी मागाहून, याचा तोल राखावा लागतो. देवळांची उतरंड नेमका तो तोल राखत होती. लान्सिंगने जेम्स क्रेमर या परिसंस्था-अभ्यासकाबरोबर संगणकावर दोन नद्यांच्या खोऱ्यांचं प्रतिरूप बनवलं आणि 172 सुबाकांना आपापल्या शेजाऱ्याकडे बघून पेरणी ठरवू दिली. संगणकात जी जुळणी तयार झाली, ती देवळांच्या जुळणीशी विलक्षण मिळतीजुळती निघाली! 1991 साली त्याचं यावर पुस्तक आलं.

आणखी एक. ज्वालामुखीच्या खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यात पोटॅश आणि फॉस्फेट असतं. खाचराला पाणी दिलं की खतही आपसूक जातं. वरच्या उतारावर नेच्यांच्या बुडाशी जे चाललेलं मी पाहिलं होतं, तेच खाली पाण्यातून भाताच्या मुळाशी पोचत होतं. सरोवराच्या देवीला पिकातला वाटा देणारा शेतकरी हिशेबाला अगदी चोख आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताम्पाकसिरिंगला गेलो, पाकेरिसान नदीच्या घळीत. तिथे गुनुंग कावी नावाची अकराव्या शतकातली दगडी स्मारकं आहेत. कड्यात खोल कोनाडे आणि त्या कोनाड्यांत कोरून काढलेली दहा देवळं, प्रत्येक सुमारे सात मीटर उंच. शेकडो पायऱ्या उतरून खाली आलं, भातखाचरं ओलांडली की ती समोर येतात, आणि वेरूळ पाहिलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप "अरे!" निघतं. वरून खाली कोरत आणलेला अखंड कातळ. आपला कैलास याहून मोठा, याहून जुना, आणि ज्यात तो कोरला तो बेसॉल्ट याहून फार कठीण. इथला दगड मऊ, राखाडी. तो राखेचा दगड आहे. बातूरच्या महास्फोटांत तापलेली राख आणि वायूंचा लोंढा उतारांवरून सुसाटत खाली आला, दऱ्या भरल्या, आणि थंड होऊन घट्ट झाला. अशा खडकाला इग्निंब्राइट म्हणतात. 20 हजार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या स्फोटाच्या थराला भूवैज्ञानिकांनी नाव दिलं आहे गुनुंग कावी इग्निंब्राइट, आणि पहिल्याच्या थराला उबुद इग्निंब्राइट! म्हणजे उबुदच्या ज्या घळींत लोक योगासनं करायला जातात, त्याही बातूरच्याच पोटातून आलेल्या. देऊळ त्याच डोंगराचं, भात त्याच डोंगराच्या खतावर, पाणी देवीच्या सरोवराचं, आणि कड्यात कोरलेला देवही त्याच डोंगराच्या राखेत. भाचा त्या कोनाड्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, हे सगळं एकाच डोंगराने केलं?" आणि मी त्याला तिथल्या पायरीवर बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत जा. दक्षिणेत उतरून पहाटे दोनला गाडीने येण्याऐवजी काल्डेऱ्याच्या आतच, सरोवरकाठी मुक्काम करा. स्वेटर लागतोच. चढून आल्यावर तोया बुंगकाहच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत पाय सोडून बसा, आणि सरोवरातला मुजाइर मासा खा, मसाल्यात सावकाश आटवलेला. किंतामणीची कॉफी तिथेच प्या; संत्र्याच्या झाडांमध्ये वाढवलेली, आणि इंडोनेशियात सगळ्यात आधी भौगोलिक मानांकन मिळालेली. पलीकडच्या काठावर तृणयान गाव आहे, तिथे मृतांना न जाळता एका सुगंधी झाडाखाली ठेवतात. नावा जातात, पण ते दुसऱ्याच्या घरचं दुःख आहे, जायचं तर तेवढ्याच अदबीने जा. वाटाड्याला आदल्या संध्याकाळीच सांगा की उतरताना विवरांच्या काठाने पश्चिमेला न्यायचं आहे. आणि एक भिंग बरोबर ठेवा, दगडातले बुडबुडे बघायला.

आम्ही आता अबांगचा विचार करतो आहोत. वाट दाट जंगलातून आहे, म्हणे, आणि काठावरून सरोवर थेट पायाखाली दिसतं. भाच्याने पुढच्या वर्षीच्या तारखा काढल्यासुद्धा.